अमेरिकेतला पहिला सणांचा मोसम: हॅलोविनच्या दिव्यापासून जानेवारीतल्या झाडापर्यंत

आम्ही न्यू जर्सीत आलो ते सप्टेंबरच्या शेवटी. ३१ ऑक्टोबरला दिवेलागणीच्या वेळी मी सवयीने दारावरचा दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागले. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात तीन फुटी सांगाडा, एक परी आणि मागे हात बांधून उभे त्यांचे बाबा. "ट्रिक ऑर ट्रीट!" म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. घरात चॉकलेट म्हणून काही नव्हतं. पार्ले-जीचे पुडे दिले. ते संपल्यावर केळी दिली. हातात केळं पडल्यावर त्या छोट्या सुपरमॅनचा जो चेहरा झाला तो मला अजून आठवतो. आठव्या-नवव्या बेलनंतर शेजारच्या आजी रस्ता ओलांडून आल्या, स्वतःच्या टोपलीतल्या दोन मुठी कॅन्डी माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे संपलं की दिवा बंद कर. मग कोणी येत नाही."

इथल्या सणांचे नियम असेच असतात. ते कुठे लिहिलेले नसतात, आणि इथल्या लोकांना ते लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे आपल्याला सांगायला हवेत हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या काही वर्षांत मी बहुतेक सगळे खड्डे पडून पाहिले. तुम्ही या वर्षी नव्याने आला असाल तर निदान ऑक्टोबर ते जानेवारी हा मोसम तरी नीट पार पडावा म्हणून हे लिहितेय. मधेमधे थोडा इतिहासही येईल. सणामागची गोष्ट कळली की नियम पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव.

१. आधी दोन कॅलेंडरं समोर ठेवा

एक तुमच्या ऑफिसचं, दुसरं मुलांच्या शाळेचं, म्हणजे तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या विभागाचं). दोन्ही संकेतस्थळावर मिळतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन रंगांनी खुणा करून टाका.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या वर्षाला ११ सुट्ट्या आहेत. पण त्या सरकारी कचेऱ्यांच्या. पोस्ट बंद, बहुतेक बँका बंद. खाजगी कंपनीने त्या द्यायलाच हव्यात असा फेडरल कायदा नाही. त्यामुळे ऑक्टोबरात कोलंबस डेला शाळा बंद, मूल घरी आणि तुम्हा दोघांचीही ऑफिसं चालू, असा प्रसंग हमखास येतो. सोय आधी बघून ठेवा. उलट प्रकारही आहे: हॅलोविन आणि व्हॅलेंटाइन्स डे जोरात साजरे होतात, पण त्यांची सुट्टी कुणालाच नसते.

बऱ्याच सुट्ट्या सोमवारीच का येतात, असा प्रश्न मला पडला होता. १९६८ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून काही सुट्ट्या मुद्दाम सोमवारवर नेल्या आणि १९७१ पासून तो अमलात आला. लोकांना सलग तीन दिवस मिळावेत हा हेतू. आपल्याकडे रविवारी आलेली सुट्टी पाहून जी हळहळ होते ती यांनी कायद्यानेच मिटवली. तारखेला बांधलेल्या सुट्ट्या, म्हणजे ४ जुलै किंवा ख्रिसमस, शनिवारी आल्या तर सरकारी कचेऱ्या आदल्या शुक्रवारी बंद, रविवारी आल्या तर सोमवारी.

दिवाळीचं काय? न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळते. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या पातळीवर मान्यता दिली, पण म्हणून तिथली प्रत्येक शाळा बंद असते असं नाही. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टगणिक वेगळं. ऑफिसात "फ्लोटिंग हॉलिडे" नावाचा, आपल्याला हवा तेव्हा घेता येणारा, एखादा दिवस असतो का ते विचारा. असला तर तो जपून दिवाळीसाठी ठेवा, मेमध्ये उडवू नका.

२. हॅलोविन: दिवा लावायचा की नाही ते आधी ठरवा

पोर्चमधला दिवा चालू म्हणजे "या", बंद म्हणजे "आमच्याकडे नाही". बंद ठेवण्यात काही गैर नाही, कुणी मनाला लावून घेत नाही.

आयर्लंड-स्कॉटलंडकडचे केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागताना एक सण पाळत. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात अशी समजूत होती. मला आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण झाली, फक्त आपण पितरांना जेवायला बोलावतो आणि ते लोक भुतांना चकवायला सोंगं घेत. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळच्या नावावरून हॅलोविन हे नाव आलं. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, इकडे त्यांना भोपळा सापडला. तो मोठा आणि कोरायला मऊ. दारोदार कॅन्डी मागण्याची पद्धत मात्र बरीच नवी, १९३०च्या दशकात रुळलेली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा ती काही वर्षं मंदावलीही होती.

तुम्हाला लागेल ते एवढंच:

- छोट्या चॉकलेटांची एक-दोन मोठी पाकिटं. "फन साइज" लिहिलेली घ्या. तुमच्या गल्लीत किती मुलं येतात ते शेजाऱ्यांना विचारा, दहा ते दीडशे काहीही असू शकतं.
- एक टोपली किंवा पातेलं.
- मूल असेल तर पोशाख, एक पिशवी आणि टॉर्च.

चकल्या, शंकरपाळे, घरचे लाडू वाटू नका. भावना कितीही चांगली असो, वेष्टन नसलेली वस्तू आई-बाप घरी जाऊन सरळ टाकून देतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं पुष्कळ असतात. पायरीवर हिरवट-निळा भोपळा दिसला तर त्या घरी खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर अशा वस्तू मिळतात असं समजा. तुम्ही शाकाहारी असाल तर मुलांनी आणलेल्या ढिगातून चिवट गोळ्या बाजूला काढा. त्यांत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं.

पोशाखाबद्दल दोन गोष्टी. त्या दिवसांत थंडी पडलेली असते, म्हणून आत स्वेटर बसेल असा ढगळ घ्या, नाहीतर परीराणी संध्याकाळभर जाकिटात झाकलेली राहते आणि रडते. दुसरं, दुसऱ्या समाजाची वेशभूषा "सोंग" म्हणून करू नका. डोक्याला पिसं लावून "रेड इंडियन" होणं आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये चालून जायचं, इथे ते अपमानाचं धरलं जातं. शाळेत खेळण्यातलं पिस्तूल किंवा तलवारसुद्धा चालत नाही.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर जवळच्या घरांच्या वस्तीत मुलांना घेऊन जायला कचरू नका, सगळे जातात. लहान मुलं साडेपाच-सहाला निघतात, आठ-साडेआठला सामसूम.

आणि भोपळा! माझ्या आईने व्हिडिओवर तो कोरलेला भोपळा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "गर काढून टाकला? घारगे नाही केले?" मी केले होते. ते पाणचट झाले. कोरायचे भोपळे दिसायला मोठे पण चवीला फिके आणि रेषाळ असतात. घारग्यांसाठी "शुगर पम्पकिन" किंवा "पाय पम्पकिन" (पाय म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) नावाचा लहान भोपळा घ्या, नाहीतर बटरनट स्क्वॉश. डब्यातला गर आणायचा असेल तर डब्यावर नुसतं "पम्पकिन" आहे ना ते नीट वाचा. शेजारीच तसाच दिसणारा "पम्पकिन पाय मिक्स"चा डबा असतो. त्यात साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते.

३. थँक्सगिव्हिंगचं आमंत्रण आलं तर

माझ्या मते अमेरिकेतला खरा सण हा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. धर्माची अट नाही, भेटवस्तू नाहीत, जेवायचं आणि गप्पा मारायच्या. नवीन आलेल्या माणसाला एकटं राहू देऊ नये असं इथल्या कित्येक घरांत मानतात, त्यामुळे सहकारी किंवा शेजारी तुम्हाला बोलावण्याची शक्यता बरीच. बोलावलं तर जा.

शाळेत सांगतात ती गोष्ट अशी. १६२० साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले, पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे दगावले. टिस्क्वांटम नावाच्या स्थानिक माणसाने उरलेल्यांना मका लावायला शिकवला. १६२१ च्या शरदात पीक हाती आलं तेव्हा त्यांच्या प्लिमथ या वसाहतीत तीन दिवस मेजवानी झाली, वाम्पानोआग या स्थानिक लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. शाळेत सहसा न सांगितलं जाणारं असं की टिस्क्वांटमला त्याआधी इंग्रजांनी पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं, आणि तो परतला तेव्हा त्याचं गाव साथीत पार ओस पडलं होतं. मेजवानीनंतर दोन पिढ्यांच्या आत, १६७५-७६ च्या युद्धात, मॅसॅसॉइटचाच मुलगा मेटाकॉम या वसाहतवाल्यांशी लढताना मारला गेला. म्हणून १९७० पासून याच दिवशी प्लिमथला मूलनिवासी लोक शोकदिन पाळतात. टेबलावर हा विषय तुम्ही काढायलाच हवा असं नाही, पण निघाला तर गोंधळू नका.

राष्ट्रीय सण तो बऱ्याच उशिरा झाला. सेरा जोसेफा हेल नावाच्या एका मासिकाच्या संपादिकेने वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहून पिच्छा पुरवला, आणि १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये महिन्यात पाच गुरुवार आले. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही. स्मार्त आणि भागवत एकादशीसारखी दोन थँक्सगिव्हिंग झाली! टेक्ससने तर दोन्ही पाळली. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायम केला.

आता व्यवहाराचं.

*वेळ.* "डिनर" म्हटलं तरी जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असू शकतं. नीट विचारून घ्या. आम्ही डिनर म्हणून सातला पोहोचलो आणि थेट भांडी घासायला मिळाली. दिलेल्या वेळेच्या आधी जाऊ नका, पाच-दहा मिनिटं उशीर चालतो, पाऊण तास चालत नाही.

*काय न्यायचं.* "काय आणू?" असं विचाराच. "काही नको, तुम्ही या" असं उत्तर आलं तरी फुलं, वाइन किंवा चांगली मिठाई न्या. पदार्थ सांगितला असेल तर तो खायला तयार अवस्थेत, वाढायच्या चमच्यासकट न्या. तिथे गेल्यावर "जरा ओव्हनमध्ये गरम करू का" म्हणू नका, त्या दिवशी ओव्हनची जागा सकाळपासून वाटून दिलेली असते. मी मटार-पनीर नेऊन पाहिलं, ते तसंच राहिलं. पुढच्या वर्षी मसालेभात नेला, तळ दिसला. भाताला कुणी बिचकत नाही.

*शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी सांगा.* ऐनवेळी सांगितलंत तर यजमानीण कानकोंडी होते. आणि "भाजी" दिसली म्हणून वाढून घेऊ नका. स्टफिंग म्हणजे पावाचं सारण, पण ते चिकनच्या पाण्यात भिजवलेलं असतं. फरसबीत बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, असू शकतं. रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन. ग्रेव्ही टर्कीच्या, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात त्या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याच्या, रसाची. पायच्या पारीत कधी डुकराची चरबी असते, आणि भोपळ्याच्या पायमध्ये अंडं असतंच. क्रॅनबेरीचा सॉस आणि साधा पाव यांवर बहुधा विश्वास टाकता येतो. निघण्यापूर्वी घरी थोडं खाऊन जा, हा माझा सल्ला शाकाहारी मैत्रिणींना पटलेला आहे.

*टेबलावर.* कुणी प्रार्थना म्हणेल, तेव्हा नुसतं शांत बसा. काही घरांत प्रत्येकाने यंदा कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते एका वाक्यात सांगायचं असतं. वाक्य तयार ठेवा. माझ्या नवऱ्याने ग्रीन कार्डच्या रांगेपासून सुरुवात केली आणि बटाटे गार झाले.

जेवणानंतर टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. डेट्रॉइटचा संघ १९३४ पासून या दिवशी खेळत आलाय, डॅलसचा १९६६ पासून. नियम कळले नाहीत तरी सोफ्यावर बसा, अर्धे लोक झोपलेले असतात.

निघताना यजमान उरलेलं बांधून देतात. नको-नको म्हणत बसू नका, एकदा विचारून पुन्हा आग्रह करायची पद्धत इथे नाही, नको म्हणालात तर खरंच मिळत नाही. काचेच्या भांड्यात दिलं असेल तर भांडं परत करायचंय. मी आजींचं भांडं चिवडा भरून परत केलं, रिकामं द्यायचं जिवावर आलं म्हणून. तेव्हापासून त्या दर वर्षी काचेच्याच भांड्यात देतात.

४. टर्की स्वतः करणार असाल तर

कुणी बोलावलं नाही म्हणून किंवा हौस म्हणून घरी करायचं ठरवलंत, तर सगळा खेळ वितळवण्याचा आहे. गोठलेली टर्की फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) वितळायला दर चार-पाच पौंडांना २४ तास लागतात. म्हणजे १५ पौंडांची टर्की रविवारी रात्रीच खाली आणा. ओट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचा भाग नासायला लागतो आणि आत बर्फ तसाच.

- माणशी सव्वा ते दीड पौंड धरा.
- खोल तळाचं रोस्टिंग पॅन. अ‍ॅल्युमिनियमचं एकदाच वापरायचं घेतलंत तर त्याखाली ट्रे ठेवा, उचलताना ते दुमडतं.
- मांसाचा थर्मामीटर. मांडीच्या आणि छातीच्या जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढू नका.
- पोटात हात घालून कागदाची पुडी काढा. काळीज, मान वगैरे त्यात भरून ठेवलेलं असतं. पुडीसकट भाजणारे फक्त आपल्यातच नाहीत, इथले जन्मजात लोकही करतात.

अख्खी टर्की तेलात तळायचे व्हिडिओ दिसतील. त्या वाटेला जाऊ नका. अर्धवट गोठलेली टर्की उकळत्या तेलात गेली की तेल उसळून भडका उडतो. स्वयंपाकामुळे घरांना लागणाऱ्या आगी अमेरिकेत वर्षात सर्वांत जास्त याच दिवशी लागतात.

सामान बुधवारच्या आत आणा. गुरुवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद, आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर कायद्यानेच किराणा दुकानं उघडत नाहीत. बुधवारी संध्याकाळी गाडीने लांब निघायचं मनात असेल तर नका निघू.

५. दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार

ब्लॅक फ्रायडे हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी पाडलं. १९५०-६०च्या सुमारास त्या दिवशी शहरात गर्दी आणि वाहनांचा जो गोंधळ व्हायचा, त्याला वैतागून. दुकानदारांचा तोटा संपून फायदा सुरू होतो म्हणून "ब्लॅक", ही कथा मागाहून जोडली गेली. पहाटे रांगा लावायची आता गरज नाही, बहुतेक सवलती घरबसल्या मिळतात. दिवाणखाना सजवण्यापेक्षा हिवाळी बूट आणि जाड जाकीट घ्या. पुढचे चार महिने तेच लागणार आहेत.

६. डिसेंबर: शुभेच्छा आणि भेटी

समोरचा ख्रिसमस पाळतो हे ठाऊक असेल तर "मेरी ख्रिसमस", ठाऊक नसेल तर "हॅपी हॉलिडेज". याच सुमारास ज्यूंचा हनुका असतो. त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच चांद्र-सौर, त्यातही अधिक महिना येतो, त्यामुळे हनुका दर वर्षी सरकतो. २६ डिसेंबर ते १ जानेवारी आफ्रिकन अमेरिकन समाजातला क्वान्झा हा सण, तो १९६६ पासूनचा.

ख्रिसमस इथे कायमच लाडका होता असं समजू नका. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रॉटेस्टंट पंथाच्या, लोकांनी १६५९ ते १६८१ त्यावर बंदी घातली होती, पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. फेडरल सुट्टी झाली ती १८७० मध्ये. सांता हे नाव न्यू यॉर्कच्या डच लोकांच्या सिंटरक्लासवरून आलं, आणि त्याचा ढेरपोट्या, दाढीवाला चेहरा १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने काढलेल्या चित्रांतून लोकांच्या डोळ्यांत बसला. झाड सजवण्याची रीत जर्मनांची. म्हणजे हा सण वेगवेगळ्या स्थलांतरितांनी आपापल्या गाठोड्यातून आणून जोडलेला आहे. तुमच्या खिडकीतल्या आकाशकंदिलाने त्यात काही बिघडत नाही.

ऑफिसात दोन प्रकारचे खेळ असतात, त्यांची गल्लत करू नका. *सीक्रेट सांता*मध्ये एका ठरावीक माणसासाठी, ठरलेल्या किमतीत वस्तू आणायची. *व्हाइट एलिफंट*मध्ये कुणासाठीच आणायची नसते. सगळ्या वस्तू मधे ठेवून उचलायच्या आणि एकमेकांच्या हिसकावायच्या. मी या दुसऱ्यात माझ्या लग्नातला चांदीच्या मुलाम्याचा कुंकवाचा करंडा नेला. तो एका साहेबांकडे गेला आणि त्यांनी त्यात मीठ भरलं. मन गुंतलेली वस्तू नेऊ नका. किमतीची मर्यादाही ओलांडू नका, २० डॉलर म्हटलं असताना ५० चं आणणं इथे उदारपणा ठरत नाही, बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं.

भेट देताना दुकानातून "गिफ्ट रिसीट" मागून घ्या. त्यावर किंमत नसते, पण घेणाऱ्याला वस्तू बदलता येते. ती खोक्यात घालणं उद्धटपणाचं नाही. आणि तुम्हाला मिळालेली भेट लगेच, देणाऱ्यासमोर उघडा. पाहुणे गेल्यावर उघडायची आपली रीत इथे नावड म्हणून वाचली जाते.

वर्षभर कामाला येणाऱ्यांना या दिवसांत काही देतात: केर नेणारे, इमारतीचे देखभालवाले, मुलांना सांभाळणारी ताई. टपाल टाकणाऱ्याला मात्र रोख देऊ नका. सरकारी नियमाने त्याला रोख रक्कम घेता येत नाही, एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते. शिक्षकांबाबत शाळेचा नियम विचारा. बहुधा वर्गातली एखादी आई सगळ्यांचे पैसे गोळा करत असते.

ख्रिसमसच्या दिवशी आमंत्रण आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, तो घरच्या घरी करायचा दिवस आहे. दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणा.

७. झाड आणि दिवे

खरं झाड घेणार असाल तर गाडीच्या टपावर घालायला जुनी चादर आणि दोरी न्या. बुंध्याचा तळ इंचभर ताजा कापून द्यायला सांगा, म्हणजे ते पाणी ओढतं. रोज पाणी घाला, हीटरपासून लांब ठेवा, झोपताना दिवे बंद करा. सुकलेलं झाड पेटायला क्षण पुरतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारात खऱ्या झाडाला मनाई नाही ना ते पाहा.

बाहेर लावायच्या माळांच्या खोक्यावर "आउटडोअर" लिहिलेलं हवं. भारतातून आणलेल्या माळा चालणार नाहीत, व्होल्टेज वेगळं. सोसायटीची, म्हणजे एचओएची, नियमावली असेल तर दिवे कधी लावायचे आणि कधी काढायचे ते त्यात सापडेल. आम्ही दिवाळीत लावलेले जानेवारीपर्यंत ठेवतो. शेजाऱ्यांना पहिल्या वर्षी वाटलं की आम्हाला ख्रिसमसची फार घाई आहे.

जानेवारीत नगरपालिका झाडं उचलून नेते. तारीख त्यांच्या संकेतस्थळावर असते. सगळी सजावट, तारा, चमक्या काढून, प्लास्टिकची पिशवी न घालता रस्त्याच्या कडेला ठेवा. आमचं एकदा चुकलं आणि ते झाड मार्चपर्यंत अंगणात पडून होतं.

३१ डिसेंबरला टाइम्स स्क्वेअरला जायची हौस सगळ्यांनाच असते. १९०७ पासून तिथे चेंडू उतरवतात. दुपारपासून कठड्यांच्या आत उभं राहायचं, शौचालय नाही, मोठ्या पिशव्या नेता येत नाहीत, बाहेर पडलात की जागा गेली. मुलांना घेऊन तर नकोच. टीव्हीवर उत्तम दिसतं.

८. उरलेलं वर्ष, पटापट

जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन लूथर किंग यांचा. १९५९ मध्ये ते गांधीजींचा देश पाहायला भारतात आले होते, मुलांना हे जरूर सांगा. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात एक घूस बिळातून काढतात आणि तिला सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, असं १८८७ पासून चाललंय. ती खरी ग्राउंडहॉग, आपली घूस नव्हे, पण मुलीला समजावताना मला दुसरा शब्द सुचला नाही. व्हॅलेंटाइनला प्राथमिक शाळेत वर्गातल्या *प्रत्येक* मुलासाठी कार्ड न्यावं लागतं, यादी शाळा पाठवते. ईस्टरची तारीख पौर्णिमेवर ठरते, म्हणून ती फिरते.

मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे. बार्बेक्यू आणि गाद्यांचे सेल पाहून मी एका सहकाऱ्याला "हॅपी मेमोरियल डे" म्हणाले. त्याचा भाऊ इराकच्या युद्धात मारला गेला होता. हा दिवस युद्धात मेलेल्यांचा आहे, यादवी युद्धानंतर थडग्यांवर फुलं वाहण्यातून सुरू झालेला. "वीकेंड चांगला जावो" एवढं पुरतं. १९ जूनचा जूनटीन्थ म्हणजे १८६५ मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामांना मुक्तीची बातमी पोहोचली तो दिवस, फेडरल सुट्टी २०२१ पासून.

मग ४ जुलै. आतषबाजी बघायला सतरंजी, घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या आणि डासांचं औषध घेऊन तासभर आधी पोहोचा. स्वतः फटाके उडवायचे असतील तर आधी राज्याचा कायदा वाचा. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य माणसाला काहीच उडवता येत नाही. न्यू जर्सीत २०१७ पासून फुलबाज्या आणि जमिनीवरच्या काही साध्या प्रकारांना परवानगी आहे, बाण आणि सुतळी बॉम्ब अजूनही बेकायदा. शेजारच्या राज्यातून गाडीच्या डिकीत भरून आणले तरी बेकायदाच.

फुलबाज्यांची खोकी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सवलतीत मिळतात. दोन-चार घेऊन कोरड्या डब्यात, उष्णतेपासून लांब ठेवून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथल्या मोठ्या दुकानांत त्या शोधून सापडत नाहीत, आणि दिवाळी तेव्हाच असते.